गांडूळ, नग एक हजार

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी झाशीच्या नगरा भागातल्या एका शाळेत सातवीच्या रश्मी कुशवाहाने गांडूळखताच्या हौदाचा ताबा घेण्यास नकार दिला. रजिस्टरमध्ये एक हजार गांडुळांची नोंद होती. मोजणीत तीनशे सत्तेचाळीस भरली. ताबा देणारी ईश्वरी जाधव तिच्याच वर्गातली. ईश्वरीच्या वडिलांची बदली बेळगावला झाली होती, रविवारची गाडी ठरली होती आणि हौदाचा ताबा दिल्याशिवाय शाळा तिला दाखला देणार नव्हती.

मी तिथे हजर होते. मोजायलाही होते. शाळेचे नाव तिच्याच विनंतीवरून देत नाही. आकडे रजिस्टरमधले आहेत.

आदल्या दिवशी, बुधवारी, मी झाशीला पोहोचले होते. मिरजेहून पुणे, पुण्यात गाडी बदलून झाशी. गाडी दोन तास दहा मिनिटे उशिरा आली. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा होता. सकाळी स्वेटर लागत होता आणि अकरा वाजता तो हातात घ्यावा लागत होता. प्रवासाचे कारण माझी मावसबहीण शुभदा. ती बावीस वर्षे झाशीत आहे. तिचे यजमान विजेची मोठी यंत्रे बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात आहेत आणि ती शाळेत विज्ञान शिकवते. शाळेतल्या शाश्वत विकासाच्या शिक्षणाची जबाबदारी परिपत्रकाने तिच्यावर आली. “एकदा येऊन बघ आणि लिही,” असे ती तीन वर्षे म्हणत होती. एका साप्ताहिकाने पाच छायाचित्रांसह लेख मागितला तेव्हा मी तिकीट काढले.

स्थानकाबाहेर ई-रिक्षावाल्याने विचारले, “किला?”

“नगरा,” मी म्हटले.

“किला उल्टी तरफ़ है, मैडम. पहले किला देख लीजिए. सब वही देखने आते हैं.”

“मला नगऱ्यालाच जायचंय, भैया.”

“नगरा में क्या है?”

“केंचुए (गांडुळे),” मी सांगितले.

त्यानंतर नगऱ्यापर्यंत त्याने आरशातून माझ्याकडे तीनदा पाहिले.

रेल्वेच्या वसाहती, त्यांच्यामागे दाट वस्ती, भिंतींवर कोचिंग क्लासांच्या जाहिराती, मध्येच लाल मातीचा उघडा तुकडा आणि त्यावर बांधलेली म्हैस. एका दुकानावर दुचाकीचे सुटे भाग आणि लग्नपत्रिका दोन्ही मिळत होते. शुभदा दारातच उभी होती.

“ताई, रिक्षावाल्याला भैयाच म्हणालीस ना? गेल्या वेळी आपल्या बंडूने ‘दादा’ म्हटलं, तर तो इतका बुरा मान गया! दादा म्हणजे इथे आजोबा. तिशीचा मुलगा होता बिचारा.”

शुभदाचे मराठी असेच आहे. वाक्य मिरजेत सुरू होते आणि झाशीत संपते. तिच्या दोन्ही मुलांना मराठी समजते. उत्तर हिंदीत येते. जेवणात महेरी होती (ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या) आणि सोबत आपल्याकडचा लसणाचा ठेचा. हे दोन पदार्थ एका ताटात मी प्रथमच पाहिले. चांगले लागतात.

जेवणानंतर तिने रजिस्टर आणले. जाड पुठ्ठ्याचे, लाल पाठीचे. त्यात रकाने होते: मालाचे वर्णन, नग, स्थिती, शेरा, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही.

“हे शाळेचं आहे की लष्कराचं?” मी विचारले.

“तेच तर सांगायचंय तुला.”

तिने सांगितले ते असे. शाळेतली जवळपास निम्मी मुले कॅन्टोन्मेंटमधल्या फौजी कुटुंबांतली आहेत, त्यांत महाराष्ट्रातली बरीच. दर दोन-तीन वर्षांनी वडिलांची बदली होते आणि मूल जाते. उरलेली निम्मी नगऱ्यातली, ती कुठेही जात नाहीत. परिपत्रक आले तेव्हा शुभदाने भिंतीवर चित्रे लावण्याऐवजी विटांचा एक हौद बांधून घेतला, सहा फूट बाय तीन. मुलांच्या डब्यांतले उरलेसुरले, झाडांचा पाला आणि शेण त्यात घालायचे, गांडुळांनी खत करायचे, खत शाळेच्या भाजीच्या वाफ्याला. हौद एका मुलाच्या हवाली केला. एप्रिलमध्ये त्या मुलाच्या वडिलांची बदली झाली. पाणी कोणी मारायचे ते कोणाला सांगायचे राहून गेले. झाशीचा मे महिना होता. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हौदात एकही गांडूळ नव्हते.

“मग पालकसभेत सुभेदार जाधव उभे राहिले,” शुभदा म्हणाली. “स्टोअर सांभाळतात ते. म्हणाले, मॅडम, चार्ज लिहून द्यायची पद्धत घाला. आमच्याकडे सुईपासून तंबूपर्यंत सगळं असंच जातं. मला ते इतकं पटलं! सस्टेनेबल म्हणजे आणखी काय असतं, सांग.”

रजिस्टरचा नमुना सुभेदारांनीच आखून दिला आणि पहिल्या पानावर मेलेल्या हौदाची नोंद करायला लावली. पहिला ताबा त्यांच्या मुलीकडे, ईश्वरीकडे आला. नवी गांडुळे आली, गोणपाटाच्या पिशवीत, एक किलो. सोबतच्या चिठ्ठीवर ‘करीब एक हज़ार’ असे लिहिले होते. सुभेदारांनी घरी मुलीला शिकवले की साठ्याच्या वहीत ‘करीब’ लिहीत नाहीत. ईश्वरीने तो शब्द गाळला आणि नोंद केली: गांडूळ, नग १०००, स्थिती चालू.

“तू तपासलं नाहीस?” मी विचारले.

“तपासलं ना. अक्षर किती सुंदर आहे बघ.”

अक्षर सुंदर होते.

गुरुवारी मी शुभदाबरोबर शाळेत गेले. व्हरांड्यात शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांचे तक्ते आहेत. मला सोळा दिसले. पाण्याखालील जीवनाविषयीचे चौदावे उद्दिष्ट छत गळून भिजले होते आणि वाळत घातले होते. सातवीच्या वर्गाने शाश्वत विकासाची व्याख्या हिंदीत एका सुरात म्हणून दाखवली: आजच्या गरजा अशा भागवायच्या की येणाऱ्या पिढीला काही कमी पडू नये. या शाळेत येणारी पिढी दरवर्षी जुलैत ट्रकमधून, काळ्या पेट्यांसह येते.

ताबा देण्याचा कार्यक्रम कडुलिंबाखाली होता. ईश्वरी उंच, दोन वेण्या, खिशाला पेन. तिने एकेक वस्तू वाचून दाखवली आणि रश्मीने ती हातात घेऊन पाहिली. खुरपी दोन. बरोबर. झारी एक. बरोबर. गोणपाट चार, त्यातले एक रश्मीने उन्हाकडे धरले, भोके मोजली आणि स्थितीच्या रकान्यात ‘जीर्ण’ लिहायला लावले. मग गांडुळे.

“हज़ार,” ईश्वरी म्हणाली.

“गिनो,” रश्मी म्हणाली.

ती बुटकी आहे आणि हळू बोलते. मुलांना वाटले ती थट्टा करते आहे. ती हौदाच्या काठावर बसली आणि गोणपाट बाजूला केले. मोजणी चाळीस मिनिटे चालली. वर्गातल्या निम्म्या मुलांनी मोजले, निम्म्यांनी किंचाळून दाखवले. मला एक टोपली मिळाली होती. माझ्या वाट्याला एकसष्ट आली. बेरीज तीनशे सत्तेचाळीस.

“गिनती पूरी नइयाँ (मोजणी पुरी नाही),” रश्मीने सांगितले. “हम दस्तखत नईं करहें.”

“अरे यार, सही कर दे ना,” ईश्वरी म्हणाली. “सब यहीं कहीं हैं. कहाँ जाएँगे? इनके पापा की पोस्टिंग थोड़ी होती है?”

वर्ग हसला. रश्मी हसली नाही. तिने पेनाला टोपण लावले आणि ते ईश्वरीला परत दिले, कारण पेन ईश्वरीचे होते.

आम्ही कार्यालयात गेलो. तिथे श्रीवास्तवजी बसतात. त्यांना सगळे बडे बाबू म्हणतात. दाखल्यासाठी ‘नो ड्यूज’चा कागद लागतो, त्यावर ग्रंथालय, प्रयोगशाळा, खेळ, फी, बस आणि सहावा रकाना पर्यावरण. पाच शिक्के झाले होते.

“सर, छठा ख़ाली छोड़ दीजिए ना,” शुभदा म्हणाली. “बच्ची का एडमिशन रुक जाएगा.”

“मैडम, यह कॉलम किसने जुड़वाया था?”

“मैंने.”

“पिछले साल मैंने कहा था, पाँच बहुत हैं. आपने कहा, छठे के बिना बच्चे गंभीर नहीं होंगे.” त्यांनी कागद सरळ केला. “अब हो गए गंभीर. ख़ाली कॉलम पर मोहर नहीं लगती. शनिवार एक बजे तक बैठा हूँ.”

बेळगावच्या शाळेत प्रवेशाची शेवटची मुदत मंगळवार होती. पोस्टाने दाखला पाठवण्याची सोय आहे का, असे मी विचारले. सोय आहे. आठ ते दहा दिवस लागतात.

शुक्रवारी सकाळी सुभेदार जाधव शाळेत आले. साताऱ्याकडचे आहेत. त्यांनी आधी हौदाला फेरी मारली, मग रजिस्टर वाचले, मग मुलीला समोर उभे केले.

“ईशू, कुठवर मोजलं?”

“ऊपर ऊपर से, पापा.”

“आणि खालचा थर?”

“नीचे बहुत गंदा था.”

“घाण हुता म्हणं.” ते शुभदाकडे वळले. “मॅडम, ती कुशवाहांची पोरगी बरोबर हाय. मी असतो तर मीबी सही केली नसती. सगळा हौद उपसायचा. उद्या.”

“उद्या शनिवार, भाऊ. बाबूजी एकला उठतात,” शुभदा म्हणाली.

“म्हणून सकाळी आठ.”

मी विचारले, “कमीच भरली तर?”

“कमी भरली तर चौकशी लागते, ताई. ती करता येते.” त्यांनी रजिस्टर मिटले. “जास्त भरली तर वांधा.”

“जास्त भरली तर चांगलंच ना?”

“न्हाई. कमी म्हंजे माल हरवला. जास्त म्हंजे आधीची नोंदच खोटी. स्टोअरमधी जास्तीला लोक जास्त भितात.”

मी त्यांना गोणपाटाच्या पिशवीबरोबरच्या चिठ्ठीची आठवण करून दिली. त्यांना ती आठवत होती. “करीब हा काय नग न्हाई,” ते म्हणाले.

एकच बाजू ऐकून बातमी लिहीत नाहीत. दुपारी मी रश्मीच्या घरी गेले. रेल्वेरुळांपलीकडे तिच्या वडिलांचा भाजीचा मळा आहे: वांगी, कोथिंबीर, मुळा. घर मळ्याच्या कडेला. तिच्या आईने न विचारता ताट वाढले. गकरियाँ (शेणीच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड गोळे) आणि वांग्याचे भरीत. गकरिया हातात घेताना मी बोट भाजून घेतले. दोष माझा, आईने दोनदा सांगितले होते.

रश्मीचे वडील बाजेवर बसले होते. “काए बिन्नू (का गं मुली), मैडम को काहे परेशान कर रही हो? हम तो सब्ज़ी गिनते नहीं, ढेरी (ढीग) लगाते हैं. केंचुआ है तो मिट्टी खुद बता देती है.”

“बाबू, ढेरी पे दस्तखत नईं होत,” रश्मी म्हणाली.

मी तिला विचारले, मोजणीचा एवढा आग्रह कशासाठी. ती मुळ्याची पाने खुडत होती.

“पिछली बार सब मर गए थे. जिसका चार्ज था वो तो चला गया, आसाम. डाँट हमाए भैया को पड़ी. क्योंकि भैया का घर पास में है. सबने कहा, तू तो यहीं था, पानी क्यों नहीं डाला.”

तिचा भाऊ मोहित आता दहावीत आहे. तो आतल्या खोलीत होता. बाहेर आला नाही.

“ओरडलं कोण?” मी विचारले.

“शुभदा मैडम.” ती म्हणाली. “सबके सामने.” मग थांबून: “ईश्वरी अच्छी है. पर वो परसों चली जाएगी. हम यहीं रहेंगे. जो कम निकलेगा, हमाए नाम पे निकलेगा.”

संध्याकाळी मी शुभदाला विचारले, मोहितला रागावणारी कोण. ती चहा गाळत होती. गाळून झाला तरी गाळणे धरून उभी राहिली.

“मीच,” ती म्हणाली. “तो समोर दिसला, म्हणून.”

शनिवारी आठ वाजता हौदाशेजारी निळी ताडपत्री अंथरली होती. सातवीचे एकतीस विद्यार्थी, शुभदा, सुभेदार आणि मी. शाळेशेजारच्या चहावाल्याने चाळीस कुल्हड (मातीचे पेले) उसने दिले होते, ते परत मिळतील अशा समजुतीने. प्रत्येक कुल्हडात पन्नास गांडुळे, अशी व्यवस्था सुभेदारांनी लावली होती.

मोजणी सुरू होण्याआधी शुभदाने रजिस्टर उघडले. पहिल्या पानावर मागे गेली, मेलेल्या हौदाच्या नोंदीपाशी, आणि शेऱ्याच्या रकान्यात हिंदीत लिहिले. मग सातवीच्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवले: या नुकसानीत मोहित कुशवाहाची चूक नव्हती, त्याला काही सांगितलेच नव्हते, चूक माझी. खाली सही, तारीख.

रश्मीने रजिस्टर मागून घेतले आणि ते दोनदा वाचले. मग ती बाह्या सारून ताडपत्रीवर बसली.

गांडुळे मोजण्याची रीत तिलाच ठाऊक होती. खताचे छोटे ढीग करायचे आणि थांबायचे. गांडुळांना उजेड सोसत नाही, ती खाली जातात. वरचे खत हाताने काढत जायचे. शेवटी ढिगाच्या तळाशी नुसती गांडुळे उरतात. सुभेदारांनी ही पद्धत पाहून मान हलवली. “हे तुला कुणी शिकवलं?” “किसी ने नहीं. रोज़ देखते हैं.”

पाऊण तास सुरळीत गेला. मग खुरपीने एक गांडूळ तुटले.

“दो हो गए!” एक मुलगा ओरडला. “एंट्री करो, दो!”

“एक,” ईश्वरी म्हणाली.

“दोनों हिल रहे हैं!”

वर्गात दोन तट पडले. शुभदाने स्पष्ट केले की तोंडाकडचा भाग जगला तर जगेल, दोन गांडुळे होत नाहीत. सुभेदारांनी निर्णय दिला: नग एक, स्थिती नादुरुस्त, वेगळ्या पेल्यात. तुकडे दोन असले तरी नग एकच, असे शेऱ्यात लिहिले.

दहाच्या सुमाराला साळुंकीने नवव्या क्रमांकाचा कुल्हड गाठला. कोणी हुसकेपर्यंत ती तिसरे घेऊन कडुलिंबावर गेली होती.

“किती नेले?” सुभेदारांनी विचारले.

“तीन,” मी म्हटले.

“तुमी स्वतः बघितलं?”

“बघितलं.”

“मग सही करा.” मी ‘साक्षीदार’ म्हणून सही केली. एकतीस वर्षे वर्तमानपत्रात काढली. माझ्या एकाही बातमीला कोणी इतक्या तातडीने पुरावा मागितला नव्हता.

त्यानंतर पिवळसर दाण्यांचा प्रश्न आला. गांडुळांचे कोष, ज्वारीच्या दाण्याहून लहान. निवडून काढलेले सव्वीस. शुभदाने सांगितले की एका कोषातून दोन-तीन पिल्ले निघतात. वर्ग सुभेदारांकडे पाहू लागला. त्यांनी कोष तळहातावर घेतला, उन्हात धरला.

“सीलबंद पेटी एकच नग धरतात,” ते म्हणाले. “आत काय हाय ते उघडल्यावर.”

“और खुल गया तो?” रश्मीने विचारले.

सुभेदारांनी कोष पेल्यात परत ठेवला.

अकरा चाळीसला बेरीज झाली. चालू स्थितीतील गांडुळे एक हजार एकशे अठ्ठ्याऐंशी. सीलबंद सव्वीस. एकूण बाराशे चौदा. नादुरुस्त एक, गहाळ तीन, ही वेगळी. रजिस्टरमध्ये एक हजार. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुभेदार ताडपत्रीच्या कडेला उकिडवे बसले.

“दोनशे चौदा जादा,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चौकशी लागलेल्या माणसाचा होता.

“भाऊ, ही वाढ आहे. पोरीने नीट सांभाळली म्हणून वाढली,” शुभदा म्हणाली.

“माल वाढत नसतो, मॅडम.”

“हा वाढतो.”

“मग याला नमुना दुसरा लागला असता.”

रश्मीने सांगितले की ती एक हजारावर सही करेल. बाकीची तिची नाहीत. उद्या कोणी म्हणाले की जादाचे कुठे आहेत, तर ती कुठून आणणार? ईश्वरी म्हणाली की ती तिचीही नाहीत, ती तर जाते आहे. घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटे होती. बडे बाबू खिडकीतून हौदाकडे बघत पान लावत होते.

तोडगा ईश्वरीने काढला. “पापा, सरप्लस दूसरी यूनिट को भेजते हैं ना? वाउचर पे?”

सुभेदार उभे राहिले. “पाठवतात,” ते म्हणाले. चेहरा एकदम मोकळा झाला. “डबा कुणाकडं हाय?”

डबा माझ्याकडे होता, शुभदाने प्रवासासाठी दिलेला, दशम्यांचा. दशम्या रुमालात गेल्या. झाकणाला खिळ्याने भोके पाडली. आत ओले शेणखत, एकशे अठ्ठ्याऐंशी गांडुळे आणि सव्वीस कोष. व्हाउचर तीन प्रतींत लिहिले: झाशीहून बेळगावला, गांडूळ, नग २१४, पैकी सीलबंद २६. एक प्रत ईश्वरीकडे, एक शाळेत; तिसरी बेळगावला माल पोहोचल्यावर सही होऊन झाशीला परत यायची. ती येईपर्यंत व्हाउचर बंद होत नाही, हे सुभेदारांनी रश्मीला समजावले. तिने ते स्वतःच्या वहीत लिहून घेतले.

मग हौद भरला. एक हजार आत गेली. नादुरुस्त गांडूळही गेले, नोंदीशिवाय. रश्मीने पेन हातात घेतले आणि पुन्हा थांबली.

“कल एक ज़्यादा निकल आया तो?”

बारा वाजून अडतीस मिनिटे झाली होती. सुभेदारांनी रजिस्टर तिच्या हातातून घेतले आणि शेऱ्यात लिहिले: ही मोजणी शनिवारी सकाळी ११.४० ची आहे. नंतरची वाढ घेणाऱ्याची.

“मतलब बढ़ेंगे तो हमारे?”

“तुझे,” सुभेदार म्हणाले.

तिने सही केली. नाव संपूर्ण लिहिले, खाली वर्ग, खाली वेळ. ईश्वरी रजिस्टर घेऊन कार्यालयाकडे पळाली. बडे बाबूंनी नोंद वाचली, शेरा वाचला, साक्षीदाराची सही माझ्या चेहऱ्याशी ताडून पाहिली आणि बारा छप्पनला सहावा शिक्का मारला. दाखला एक वाजून चार मिनिटांनी मिळाला. ही चार मिनिटे श्रीवास्तवजींनी स्वतःहून दिली.

मुली कडुलिंबाखाली उभ्या होत्या. “चिट्ठी लिखेगी?” ईश्वरीने विचारले. “तू पहले रसीद भेज,” रश्मी म्हणाली.

कुल्हड परत केले. एकोणचाळीस.

रविवारची गाडी थेट बेळगावला जाणारी होती, मिरजेवरून. मी त्याच गाडीत, जाधव कुटुंबाच्या पुढच्या डब्यात. शुभदा आणि तिची मुले पोहोचवायला आली होती. किल्ला पाहायचा राहिला, हे गाडी सुटताना आठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाधवांकडे गेले तेव्हा समोरच्या बाकावरचे गृहस्थ जळगावचे होते आणि नाराज होते.

“मी फक्त विचारलं, डब्यात काय आहे. मला वाटलं चटणी. ही म्हणते दोनशे चौदा.”

“झाकण उघडलं त्यांनी, आंटी,” ईश्वरी म्हणाली. मग, बहुधा माझ्यासाठी, मराठीत: “पण कोणी पडला नाही. मी मोजले.”

सुभेदारांनी तिच्याकडे पाहिले. “सीलबंद धरून?”

“सीलबंद सव्वीस नव्हे, पापा. चोवीस. दो खुल गए.”

सुभेदार जाधवांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

मंगळवारी ईश्वरीचा बेळगावच्या शाळेत प्रवेश झाला. तिच्या आईने फोनवर सांगितले. त्या शाळेत हौद नव्हता. गांडुळे सध्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात, फुटक्या माठात आहेत.

मे महिन्यात शुभदाने रजिस्टरच्या नव्या पानाचे छायाचित्र पाठवले. ‘नग’ या रकान्याशेजारी रश्मीने पट्टीने आखून आणखी एक रकाना काढला आहे: एक टोपली साली किती दिवसांत संपतात. पहिल्या आठवड्यातल्या टोपलीला नऊ, मेच्या दुसऱ्या आठवड्यातल्या टोपलीला, उन्हामुळे, अकरा. सुट्टीत पाणी कोण मारणार याची यादी खाली आहे. शुक्रवारचे नाव मोहित कुशवाहा.

व्हाउचरची तिसरी प्रत जूनमध्ये बेळगावहून झाशीला पोहोचली. तीवर ईश्वरीच्या सुंदर अक्षरात ‘मिळाली, अंदाजे २१४’ असे लिहिले होते. रश्मीने ती दुरुस्तीसाठी परत पाठवली आहे.